रिकाम्या कपाटासमोरचे शनिवार

कलकत्त्याला एस्प्लनेडवरच्या टीव्हीच्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "दहा वर्षं या सेटला हात लावावा लागणार नाही." श्यामसुंदर देवस्थळ्यांनी ते अक्षरशः पाळलं. सेटला त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही. तरी लेकाचा दुसऱ्याच दिवाळीत आटोपला.

देवस्थळी केंद्र सरकारच्या ऑडिट खात्यात होते, आणि ऑडिटवाल्या माणसाचा कुठल्याही यंत्रावर विश्वास नसतो. टीव्ही ही आयुष्य मोजून आलेली वस्तू आहे, जितका बघाल तितका तो झिजणार, असं त्यांचं ठाम मत. म्हणून आठवडाभर फक्त बातम्या, त्याही आवाज बारीक करून. मोठ्या आवाजाने सेटला त्रास होतो हे त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. शनिवारच्या बंगाली सिनेमाला तेवढी परवानगी होती. पण सिनेमा रंगात आला की ते उठायचे, सेट बंद करायचे आणि मागच्या जाळीवर ताडाच्या पंख्याने वारा घालत उभे राहायचे. "दमतो तो," म्हणायचे. उन्हाळ्यात चुलीपुढे माझा घामटा निघतो तेव्हा कधी पंखा घेऊन उठला नाहीत, असं त्यांच्या बायकोने, कालिंदीने, एकदा ऐकवलं. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "तुझ्यात व्हॉल्व्ह आहेत का?"

सेटसाठी त्यांनी, ते राहत त्या बेहाला भागातल्याच एका सुताराकडून सागवानी कपाट करून घेतलं होतं. दोन दारं, पितळी कडी, कुलूप. वर कालिंदीने विणलेला रुमाल आणि रुमालावर लीनाचा फोटो. लीना त्यांची एकुलती एक मुलगी, नागपूरला मावशीकडे राहून कॉलेजात शिकत होती. कपाट असं काही देखणं झालं होतं की नवखा माणूस आत देव आहेत असं समजून दाराशीच चपला काढायचा.

आणि खरं सांगायचं तर कालिंदीच्या लेखी आत देवच होते. कारण या सेटने तिला माणसं दिली होती.

कलकत्त्याला बदली झाली तेव्हा बेहालातल्या या तीन मजली घरात मधल्या मजल्यावरचं एक बिऱ्हाड त्यांना भाड्याने मिळालं. श्यामसुंदरराव सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे ते दिवेलागणीला परत. लीना नागपूरला. महाराष्ट्र मंडळ गावाच्या दुसऱ्या टोकाला, गणपतीच्या दिवसांत काय ते जाणं. उरलेला वेळ कालिंदी गॅलरीत उभी राहून खालची गल्ली बघायची. गल्लीतल्या बायका तिच्याकडे बघून हसायच्या, ती त्यांच्याकडे बघून हसायची, आणि दोन्हीकडचं हसून झालं की पुढे काय बोलावं हे कुणालाच ठाऊक नसायचं. वर्षभर तिने बोलण्याची भूक भागवली ती मासे न घेण्याबद्दल मासेवालीशी वाद घालून.

मग टीव्ही आला. गच्चीवर अँटेना उभी राहिली आणि त्याच शनिवारी त्याच मजल्यावरच्या समोरच्या बिऱ्हाडातली शेफाली दारात येऊन उभी राहिली. केसांना तेल, हातात पाट. "बौदी, बसू का जरा?" बौदी म्हणजे वहिनी. पुढच्या शनिवारी वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आल्या. मग शेजारच्या घरातल्या दोघी जावा. आणि महिन्याभराने, सगळ्यांत शेवटी, तळमजल्यावरच्या मासिमा आल्या.

मासिमा म्हणजे घरमालकीण, सगळ्यांची मावशी. पांढरं लुगडं, बारीक कापलेले केस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जिन्याच्या तोंडाशीच त्यांची खिडकी होती. त्या खिडकीसमोरून त्यांच्या नजरेतून निसटून मांजरसुद्धा वर जात नसे. त्या शेफालीला 'बौमा' म्हणायच्या, म्हणजे आपल्याकडचं सूनबाई. शेजारच्या जावा थोरली बौमा आणि धाकटी बौमा. कालिंदीला मात्र 'मिसेस'. पहिल्या दिवशी दारातच त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या घरात मासे शिजत नाहीत, हे खरं ना?" कालिंदीने ओशाळून होय म्हटलं. बंगालात हे कबूल करणं म्हणजे घरात काहीतरी दुखणं असल्याचं कबूल करण्यासारखंच. मासिमांनी नुसतं "हं" केलं, आत आल्या, श्यामसुंदररावांची आरामखुर्ची पसंत केली आणि तेव्हापासून दर शनिवारी ती त्यांची झाली. श्यामसुंदरराव बिचारे सिनेमाभर मोरीच्या दाराला टेकून उभे.

शनिवार कालिंदीचा उपासाचा दिवस. त्यामुळे मध्यंतरात, म्हणजे सेटला वारा घालायच्या वेळात, साबुदाण्याची खिचडी ठरलेली. दाण्याचं भरपूर कूट, जिरं, हिरवी मिरची, वर ओलं खोबरं. बायका चाटूनपुसून खायच्या. मासिमा दोनदा घ्यायच्या, पण चांगली झाली असं तोंडातून काढायच्या नाहीत. खिचडी खाता खाता बोलणं निघायचं. शेफालीच्या सासूचा हट्टीपणा, मास्तरीणबाईंच्या शाळेतली भांडणं, थोरल्या जावेचं धाकटीबद्दलचं म्हणणं ती समोर बसलेली असतानाच. बोलणं एवढं लांबायचं की सेट पुन्हा लावेपर्यंत सिनेमातली नायिका विधवासुद्धा होऊन बसलेली असायची. मधे काय झालं असेल ते शेफाली आपल्या मनाने रचून सांगायची, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं. कालिंदी बंगाली शिकली ती अशी, अर्धी सिनेमातून आणि अर्धी मध्यंतरातून.

तरी तिच्या मनात एक टोचणी होतीच. या सगळ्याजणी येतात त्या टीव्हीसाठी. आपल्यासाठी नव्हे. टीव्हीआधी वर्षभर कुणी उंबऱ्याला पाय लावला नव्हता, हे ती विसरली नव्हती.

त्या वर्षी दसऱ्याला कालिंदीने नेहमीप्रमाणे घरातल्या हत्यारांची पूजा मांडली. विळी, कात्री, शिवणयंत्र, ह्यांचं फाउंटन पेन. मग तिच्या मनात आलं, या घरात सगळ्यात जास्त काम कोण करतं? तिने कपाट उघडलं, सेटला गंधफूल वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि मूठभर अक्षता भक्तिभावाने वरून टाकल्या. सेटच्या माथ्यावर गरम हवा बाहेर जायला बारीक बारीक फटी होत्या. देवीच्या मनात काय होतं कोण जाणे, पण अक्षता त्या फटींतून आत गेल्या.

आता आत गरम, अंधार, आणि वर तांदूळ. उंदराला आणखी काय हवं?

भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी बातम्या चालू असताना सेटमधून फट्‌ असा आवाज आला, जळका वास सुटला आणि बातम्या देणारी बाई एका ठिपक्याएवढी होऊन नाहीशी झाली. श्यामसुंदरराव पंखा घेऊन धावले. पण आता वारा घालून काही उपयोग नव्हता.

निताईबाबू मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. बेहालाच्या ट्राम रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. गडी मोठा बोलका. सेट उघडायच्या आधी चहा, उघडल्यावर चहा, आणि मधे मोहन बागानच्या फुटबॉलवर व्याख्यान. मागची जाळी काढून त्यांनी बॅटरीचा झोत टाकला. मग चिमटीत काहीतरी धरून बाहेर काढलं आणि कालिंदीच्या तळहातावर ठेवलं. कुंकू लागलेले तीन तांदूळ.

"बौदी," ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडे टीव्हीला जेवायला घालतात?"

श्यामसुंदररावांनी बायकोकडे पाहिलं. ऑडिटवाल्याला एखाद्या खात्यात मोठा घोळ सापडल्यावर जसा आनंद होतो तसा त्यांच्या तोंडावर पसरला. "अगं, मी दोन वर्षं त्याला उपाशी ठेवून वाचवला," ते म्हणाले, "आणि तू नैवेद्य दाखवून मारलास!"

उंदराने वायरी कुरतडल्या होत्या, आतलं एक मोठं कॉइल जळलं होतं. सेट दुकानात न्यावा लागेल. "कधी मिळेल?" "परवा," निताईबाबू म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द श्वासासारखा होता, हे देवस्थळ्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

दोनच दिवसांपुरता का होईना, सेट जाणार, कालिंदीने विचार केला. बायकांना कळलं तर? शनिवारी कुणी येणार नाही. मग पुढच्या शनिवारीही नाही. एकदा मोडलेली सवय पुन्हा लागते की नाही, कुणी सांगावं? आणि बदलीची ऑर्डर निघायला अजून दीड वर्ष होतं. पुन्हा ती गॅलरी आणि पुन्हा ते हसणं. 

"कुणाला सांगू नका," तिने नवऱ्याला बजावलं. "परवा तर येणार आहे. उगीच बोभाटा कशाला?"

"अगं, टीव्ही बिघडला. त्यात लपवायचं काय? काय आपण चोरी केली?"

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

तिने भर दुपारची वेळ निवडली, मासिमांच्या झोपेची. सेट कुणाला ओळखू येऊ नये म्हणून आपल्या गोधडीत गच्च गुंडाळला. आईने शिवलेली गोधडी, जुन्या नऊवारी लुगड्यांची, हिरव्या आणि डाळिंबी ठिगळांची. निताईबाबूंनी ते गाठोडं हातरिक्षात मांडीवर घेतलं आणि एखाद्या आजारी म्हातारीला दवाखान्यात नेतात तसे गल्लीतून निघून गेले. कालिंदीने कपाट बंद केलं, कडी घातली, कुलूप लावलं, रुमाल सारखा केला. बाहेरून बघणाऱ्याला शंका यायचं कारण नव्हतं.

परवा गेला. त्याच्या पुढचा परवाही गेला. शनिवार उजाडला.

कालिंदी सकाळपासून देवापाशी बसून. काय मागावं तेही धड सुचेना. गणपतीबाप्पा, टीव्ही पाठव? तो काय हातरिक्षा ओढणार? संध्याकाळी बायका आल्या. पाट मांडले गेले, मासिमा खुर्चीत बसल्या. श्यामसुंदरराव ऑफिसचं काम आहे म्हणून आधीच सटकले होते. सिनेमाची वेळ झाली. शेफालीने कपाटाकडे पाहिलं. कालिंदी किल्ली शोधायचं सोंग करत स्वयंपाकघरात गेली, डब्यात हात घालून उभी राहिली, आणि आता बाहेर जाऊन खरं सांगावं म्हणून वळली, तेवढ्यात लाइट गेले.

लोडशेडिंग! सगळं बेहाला काळंमिट्ट. गल्लीतून रोजच्यासारखा "गेऽऽले" असा ओरडा उठला. त्या वर्षांत कलकत्त्यात विजेला शिव्या न देणारा माणूस सापडला नसता. त्या संध्याकाळी एक सापडला असता. कालिंदीने डब्यावर हात ठेवूनच देवाला नमस्कार केला.

"काय मेलं नशीब!" ती मेणबत्ती घेऊन बाहेर येत म्हणाली. "नेमक्या सिनेमाच्या वेळी!"

"येतील," शेफाली म्हणाली. "बसू या." आणि त्या बसल्या. कपाटासमोर, जागच्या जागी, जणू अंधारातच सिनेमा चालू आहे. खिचडी आली. सिनेमा नाही म्हणून आपल्याला आठवतो तो सांगावा असं ठरलं. मास्तरीणबाईंनी लहानपणी पाहिलेला एक सांगितला आणि त्याचा शेवट आठवेना म्हणून शेफालीने लावून दिला. लाइट आले तेव्हा सिनेमाची वेळ टळून गेली होती. सगळ्याजणी पाट उचलून घरी गेल्या.

इकडे निताईबाबूंचं कॉइल चाँदनी बाजारात मिळत नव्हतं. मग मिळालं, पण दुसऱ्याच मापाचं. मग जगद्धात्री पूजा आली. मग मेहुण्याचं लग्न. श्यामसुंदरराव ऑफिसातून येताना रोज दुकानावर जायचे आणि रोज चहा पिऊन परत यायचे. एव्हाना त्यांना मोहन बागानच्या अकराही जणांची नावं पाठ झाली होती.

दुसऱ्या शनिवारी तर कमालच झाली. सिनेमाला पाच-दहा मिनिटं असताना लाइट गेले आणि सिनेमा संपायच्या सुमाराला आले, अगदी सांगून ठेवल्यासारखे. कालिंदीने मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक कबूल करून टाकले. त्या दिवशी मासिमा तेवढ्या उशिरा आल्या. लाइट गेल्यावर, चाचपडत, धापा टाकत. "गुडघा," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या, आणि लाइट यायच्या आधीच उठून खाली गेल्या. त्या दिवशी थोरली जाऊ धाकटीच्या बाजूने बोलली, म्हणून सगळ्याजणी एवढ्या चकित झाल्या की सिनेमाचा विषयही निघाला नाही.

पण लोडशेडिंगवर किती दिवस काढायचे? तिसऱ्या शनिवारी कालिंदीने ठरवलं की आज सांगून टाकायचं. होऊ दे काय व्हायचं ते. दुपारभर ती बंगाली वाक्य जुळवत बसली. 'टीव्ही खराब झाला आहे, मला माफ करा, पण तुम्ही येत जा.' शेवटचे शब्द जुळायचे, पण म्हणून बघितले की अपुरे वाटायचे. मला तुमची सवय झाली आहे, असं बंगालीत कसं म्हणतात, ते तिला कुठल्या सिनेमातून मिळालं नव्हतं.

संध्याकाळी सगळ्याजणी आल्या. मासिमांची खुर्ची तेवढी रिकामी. कालिंदी पदर सावरून कपाटासमोर उभी राहिली. "मला एक सांगायचंय," म्हणाली.

लाइट गेले.

"घ्या!" शेफाली जरा मोठ्यानेच म्हणाली, म्हणजे समोरच्या बिऱ्हाडापर्यंत जाईल अशा बेताने. "गेले बाई पुन्हा!"

कालिंदीला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गल्लीतून तो नेहमीचा ओरडा आला नव्हता. ती गॅलरीत गेली. गल्लीपलीकडच्या घरात लख्ख उजेड. खाली पानवाल्याचा दिवा चालू. कुठल्याशा घरातून रेडिओ वाजतोय. सगळ्या गल्लीत एकटं यांचंच घर अंधारात.

"फ्यूज गेला असेल," ती आत येऊन म्हणाली. "मी बघून येते."

"नको, बौदी!" शेफाली आणि मास्तरीणबाई एकदम म्हणाल्या. "येतील आपोआप. बसा ना."

फ्यूज कधी आपोआप आलाय? कालिंदीने मेणबत्ती घेतली आणि जिना उतरली.

खाली जिन्याच्या पोटाशी मीटरची फळी होती. फळीखाली एक तिपाई, तिपाईवर मासिमा. एक हात मेन स्विचच्या दांड्यावर, दुसरा भिंतीला. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी मान वळवून पाहिलं. पकडलं गेल्याची लाज वगैरे त्यांच्या तोंडावर काही नव्हती. वैताग होता.

"बघत काय उभी राहिलीस?" त्या म्हणाल्या. "धर मला. चढले ती चढले, आता हा मेला गुडघा उतरू देत नाही."

कालिंदीने मेणबत्ती पायरीवर ठेवली, दोन्ही हातांनी त्यांना धरलं आणि खाली उतरवलं. मासिमांचं वजन एखाद्या मुलीएवढंच होतं. त्या तिपाईवर टेकल्या आणि गुडघा चोळू लागल्या.

"मासिमा, हे तुम्ही...?"

"मग कोण? पहिल्या वेळी वीज कंपनीने लाज राखली. दरवेळी कशी राखेल? मागच्या शनिवारी मीच चढले होते. तो निताई केव्हा देणार आहे तुझा टीव्ही? माझ्याच्याने आता हे चढणं-उतरणं होत नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं कळलं म्हणजे? त्या तुझ्या गोधडीत गुंडाळून दिलास ना? तसली हिरवी-लाल गोधडी या अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाची आहे? गॅलरीत वाळत घालतेस आणि तिचं पाणी माझ्या सांडग्यांवर ठिबकतं. मी झोपेतसुद्धा ओळखीन ती." थोडं थांबून म्हणाल्या, "शेफालीने आपल्या गॅलरीतून पाहिलं, मी खिडकीतून. धाकट्या बौमाला निताई रस्त्यात भेटला, तर ती त्याला विचारून बसली, पेशंट कसा आहे म्हणून."

कालिंदीला हसू आलं आणि रडूही. "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे? मग येतात कशाला?"

"अगं वेडे," मासिमांनी आवाज खाली आणला, "शेफालीची सासू तिला शनिवारी संध्याकाळी सोडते ती सिनेमासाठी. गप्पा मारायला सोडील? लाइट आहेत आणि भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज नाही असं झालं की हाका मारील, चल घरी, कणीक तिंबायची आहे. अंधार असला म्हणजे थांबते, लाइट येतील, सुनेला अर्धा तरी सिनेमा मिळेल म्हणून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला गल्लीतले दिवे दिसताहेत थोडेच. त्या दोघी जावांचंही तेच. मास्तरीण तर आठवडाभर पोरांवर ओरडून येते, तिला कुणाशी तरी सरळ आवाजात बोलायचं असतं."

"आणि तुम्ही?"

मासिमा एवढ्या वेळ गुडघ्याशीच बोलत होत्या, आता त्यांनी मान वर केली. "हे गेल्यापासून मी मासे सोडले, कांदा सोडला. या घरात काय, आसपास चार घरांत कुठे माझ्या तोंडात घालता येईल असं शिजत नाही. सगळ्या कढयांना मासा लागलेला. लग्नकार्यात जायचं आणि केळं खाऊन परत यायचं. कुणी हातचं करून गरम वाढलंय, समोर बसून आणखी घ्या म्हटलंय, असं किती वर्षांत झालं नव्हतं. तुझ्याकडे झालं." आणि लगेच, जास्त बोलल्याचा राग आल्यासारख्या, "मागच्या वेळी मीठ कमी होतं."

कालिंदीला दुपारपासून जुळवलेलं वाक्य आता नको होतं. ती खालच्या पायरीवर बसली, पदराने डोळे पुसले आणि मासिमांचा गुडघा चोळायला लागली. मासिमांनी चोळू दिला. वर बिऱ्हाडात कुणीतरी मोठ्याने हसलं. शेफालीच असावी.

तेवढ्यात दारात हातरिक्षाची घंटा वाजली.

श्यामसुंदरराव घामाघूम होऊन उतरले. त्यांच्या मांडीवर हिरवं-डाळिंबी गाठोडं होतं आणि तोंडावर किल्ला जिंकल्याचा भाव. "आणला!" ते अंधारात कुणाला तरी उद्देशून ओरडले. "ठणठणीत झालाय! निताईबाबू म्हणतात, आता दहा वर्षं बघायला नको. चल लवकर, अर्धा सिनेमा अजून मिळेल." मग त्यांनी डोळे बारीक करून वर पाहिलं. "हे काय? सगळ्या गल्लीत लाइट आहेत. आपल्याकडेच कसे नाहीत?"

मेन स्विच त्यांच्या डोक्यापासून हातभर वर होता. नुसता हात उंचावून दांडा ढकलला असता तर घर उजळलं असतं. वर चौघीजणी बसल्या होत्या. टीव्ही लागला असता, सगळ्यांची तोंडं एका बाजूला झाली असती, आणि कालिंदी तीन आठवडे देवापाशी हेच तर मागत आली होती.

तिने मासिमांकडे पाहिलं. मासिमा गुडघा चोळत होत्या आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

"फ्यूज गेलाय," कालिंदी म्हणाली. "मिस्त्री उद्या येईल."

"उद्या? अगं, मी बघतो की. एवढंसं तर..."

"अहो, काही नको. नि लगेच लावायचाही नाही. दुकानातून आलाय, रिक्षात हादरे खाल्लेत, बाहेर गारठा. दमला असेल तो. तुम्हीच म्हणता ना, त्याला विश्रांती लागते? आजची रात्र निजू दे त्याला. दहा वर्षं टिकवायचाय."

 श्यामसुंदररावांचाच नियम, त्यांनाच लागू. त्यांनी गाठोडं छातीशी धरलं आणि एकेक पायरी जपत वर जाऊ लागले. अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाले, "बाकी तुला हे पटलं एकदाचं!"

कालिंदीने मेणबत्ती उचलली. एका हाताने मासिमांना उठवलं. दोघी हळूहळू चढू लागल्या, दर पायरीला थांबत. वरच्या वळणावर मासिमांनी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि जरा जोर दिला.

"चल, बौमा," त्या म्हणाल्या. "खिचडी गार होईल."